प्रागमध्ये ‘चांगला भाव देतो’ म्हणणारा माणूस

पूर्व जर्मनीत ड्रेस्डेन, लाइपझिग, केमनिट्झ या भागात शिकायला आलेल्या मराठी मुलांची पहिली वीकेंड ट्रिप बहुतेक वेळा शेजारच्या चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीची, प्रागचीच होते. ड्रेस्डेनहून थेट गाडी साधारण अडीच तासांत पोचवते. तेवढं तिकीटही ज्यांना जड वाटतं ते एस-१ लोकलने सीमेजवळच्या बाड शांडाऊपर्यंत जातात आणि तिथून डेचीनमार्गे चेक गाड्या पकडतात. एल्बे नदीच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता फार सुंदर आहे. हे वाचून कोणी जाणं टाळावं असं मला मुळीच वाटत नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये निदान एकाला तरी पुढचं सगळं ठाऊक असावं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या ग्रुपने निघण्याआधी कॉन्ट्री काढली आणि सगळे पैसे कोल्हापूरच्या एका मित्राकडे दिले. हिशेबाला तो पक्का. कॉलेजच्या गणेशोत्सवाची वर्गणी सांभाळलेला मुलगा. जुन्या सीनियर्सनी करून ठेवलेली एक यादी आमच्याकडे फिरत होती, तिच्यात लिहिलं होतं की चेक प्रजासत्ताकात युरो चालत नाहीत, तिथलं चलन कोरुना, तेव्हा रोख युरो घेऊन जा आणि तिथे बदला. तिथलं चलन कोरुना, हे आजही खरं आहे. रोख युरो नेऊन बदलायची गरज आता जवळजवळ उरलेली नाही, पण त्याकडे नंतर येते.

वेन्सेस्लास चौक हा नावाला चौक, प्रत्यक्षात लांबलचक उताराचा रुंद रस्ता आहे. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय, दोन्ही बाजूंना दुकानं, हॉटेलं आणि पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या. अशाच एका खिडकीवरचा भावाचा फलक आम्ही वाचत उभे होतो. तेवढ्यात साध्या जाकिटातला एक माणूस जवळ आला आणि सरळ इंग्रजीत म्हणाला, इथे बदलू नका, हे लोक लुटतात. त्याने मोबाईलवर त्या दिवशीचा भाव काढून दाखवला. एका युरोला पंचवीसच्या आसपास. तो खरा होता, आम्ही आमच्या फोनवरही पाहिला. मग म्हणाला, मला युरो हवेत, जर्मनीत माल आणायला जायचंय, मी सव्वीस देतो.

सव्वीस. तीस म्हणाला असता तर आमच्यातला कोणीही थांबला नसता. बाजारभावापेक्षा जेमतेम एक कोरुना जास्त, त्यामुळे त्यात वावगं काही दिसलंच नाही. खिडकीवाल्यांबद्दल तो जे बोलला तेही खोटं नव्हतं. आम्हाला लुबाडणाऱ्या त्या माणसाची निम्मी वाक्यं खरी होती.

दोनशे युरो द्यायचे ठरले, म्हणजे ५२०० कोरुना. त्याने हजाराच्या पाच आणि दोनशेची एक अशा नोटा आमच्यासमोर मोजल्या आणि मित्राच्या हातात देऊन म्हणाला, तू पण मोज. मित्राने मोजल्या, त्या वेळी त्या खऱ्याच होत्या. मग त्याने युरो घेतले, एकेक नोट उजेडात धरून पाहिली आणि एकदम कपाळाला आठी घालून म्हणाला, थांब, मी तुला दोनशे कमी दिले का? दे बघू. गठ्ठा परत घेतला, खिशातून आणखी दोनशेची नोट काढली, वर ठेवली, घडी घातली आणि परत मित्राच्या हातात दिली. त्याच क्षणी पलीकडून कोणीतरी काहीतरी ओरडलं. तो ‘पोलीस’ असं पुटपुटला आणि शेजारच्या इमारतीतून आरपार जाणाऱ्या बोळात शिरला. प्रागच्या मध्यभागी असे छताखालचे बोळ जागोजागी आहेत. एका रस्त्याने आत जा, भलत्याच रस्त्यावर बाहेर या.

हातात राहिली ती घडी. वर दोनशे कोरुनांची खरी नोट आणि तिच्या आत हजार आकडा छापलेल्या पाच नोटा. अर्ध्या तासाने सॉसेजच्या गाडीवर पैसे देताना गाडीवरच्या बाईंनी त्यातली एक नोट उलटसुलट केली, मान हलवली आणि एकच शब्द म्हणाल्या, ‘बेलारूस’.

त्या बेलारूसच्या जुन्या रुबलच्या नोटा होत्या. बेलारूसने १ जुलै २०१६ रोजी आपल्या चलनातली चार शून्यं काढून टाकली, म्हणजे जुने दहा हजार रुबल बरोबर नवा एक. जुन्या नोटा बदलून घ्यायची मुदतही २०२१ अखेर संपली. आज त्या नोटांना रद्दीचीच किंमत आहे. पण आकडा मोठा आणि कागद खऱ्या नोटेचा, म्हणून फसवणारे त्या वापरतात. हंगेरीच्या चलनातून बाद झालेल्या जुन्या नोटाही अशाच फिरतात.

खरी कोरुना ओळखायला दहा सेकंद पुरतात. चेक नोटेवर नेहमी माणसाचा चेहरा असतो. शंभरवर राजा चौथा कारेल, दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, पाचशेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोवा, हजारावर इतिहासकार पालात्स्की. अक्षरं आपल्याला वाचता येणारी रोमन. बेलारूसच्या त्या नोटांवर इमारती होत्या आणि अक्षरं रशियन वळणाची. निघण्याआधी या चार नोटांचे फोटो प्रत्येकाने फोनमध्ये ठेवायला हवेत.

आता ज्याचा मला अजूनही राग येतो ते सांगते. परत आल्यावर ज्या दोघाचौघांना हे कळलं त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘रस्त्यावरच्या माणसाला पैसे देतात का रे?’ त्या मित्राचा शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्याचे वडील भरतात. इथे जर्मनीत विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो निघतात, त्यात खोलीचं भाडं, आरोग्यविमा आणि जेवण. दोनशे युरो म्हणजे त्यातला पाचवा हिस्सा. तो रात्रभर एकच बोलत होता, ‘माझ्या हातातनं गेलेत, मी भरतो.’ आम्ही त्याला भरू दिले नाहीत, नुकसान सगळ्यांत वाटून घेतलं. हातचलाखी ज्याचा रोजचा धंदा आहे त्याच्यासमोर पहिल्यांदा त्या शहरात आलेला मुलगा उभा असतो, आणि आपली माणसं दोष देतात त्या मुलाला. मग पुढचा फसतो तो तोंड उघडत नाही, आणि त्याच्या पुढचाही फसतो.

सॉसेजच्या गाडीवरच्या त्या बाईंनी आम्हाला पोलिसांकडे जायला सांगितलं. चौकाच्या खालच्या टोकापासून जवळच, युंगमान चौकात पोलीस ठाणं आहे आणि परदेशी लोकांना तिथे दुभाष्याची सोय मिळते. वेळ बराच गेला, पण जबाब लिहून घेतला आणि कागद दिला. तिथेच बोलता बोलता आमच्यातल्या नाशिकच्या मैत्रिणीचा विषय निघाला. तिने त्याच सकाळी एका खिडकीवर स्वतःचे शंभर युरो बदलले होते. फलकावर ‘शून्य टक्के कमिशन’ असं ठसठशीत लिहिलं होतं आणि हातात पडले होते १७५० कोरुना. खरा भाव धरला तर अडीच हजार मिळायला हवे होते. कमिशन खरोखर शून्य होतं, चोरी भावातच केली होती. चांगला भाव फक्त मोठ्या रकमेला, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

तिथल्या अधिकाऱ्याने लगेच विचारलं, पावती आहे का? किती वाजता बदलले?

चेक प्रजासत्ताकात एप्रिल २०१९ पासून कायदा असा आहे: परवानाधारक खिडकीवर पैसे बदलले असतील तर तीन तासांच्या आत तो व्यवहार कोणतंही कारण न देता रद्द करता येतो. मर्यादा हजार युरोंइतक्या रकमेची. खिडकीवाल्याने पैसे परत द्यायचे आणि त्यासाठी वेगळं शुल्क घ्यायचं नाही. या खिडक्यांवर देखरेख असते ती चेक नॅशनल बँकेची. मैत्रिणीच्या पावतीवरच्या वेळेला अजून तीन तास व्हायचे होते. आम्ही धावतपळत गेलो. खिडकीतल्या माणसाने आधी ऐकू न आल्यासारखं केलं, मग ‘नो, नो’ म्हणाला. तिने पावती काचेला लावून धरली आणि शांतपणे दोनच गोष्टी सांगितल्या: तीन तास, चेक नॅशनल बँक. शंभर युरो परत आले.

हा हक्क त्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या पर्यटकांपैकी किती जणांना माहीत असेल? आमच्यात कोणालाच नव्हता. म्हणून पावती टाकून देऊ नका, आणि पावती देत नसेल तर पैसेही देऊ नका. रस्त्यावरच्या माणसाबाबत मात्र यातलं काहीच लागू होत नाही, कारण रस्त्यावर असे पैसे बदलून देणंच बेकायदा आहे. तिथे हातातून गेलेला पैसा गेला.

खरं तर प्रागमध्ये रोख पैसे लागतात किती? ट्राममध्ये कार्ड टेकवून तिकीट निघतं, दुकानं आणि बहुतेक खानावळी कार्ड घेतात. स्वच्छतागृह, एखादी जुनी बिअरची खोली, बाजारातली एखादी टपरी, एवढ्यापुरते थोडे कोरुना पुरतात. ते एखाद्या खऱ्या बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून काढा. पर्यटकांच्या गल्लीत सुटं उभं असलेलं मशीन टाळलेलं बरं, कारण त्यातलं बरंचसं शुल्क तुमच्या बँकेचं नसून त्या मशीनवाल्याचं असतं. मशीन मधेच विचारतं, रक्कम युरोमध्ये रूपांतरित करून कापू का? नाही म्हणा. युरोपीय संघाच्या नियमानुसार युरोपियन सेंट्रल बँकेच्या भावावर किती टक्के चढवले आहेत ते मशीनवाल्याने ग्राहकाला दाखवायलाच लागतं. तो आकडा एकदा वाचून बघा, ‘नाही’चं बटण आपोआप दाबलं जाईल. दुकानातल्या कार्ड मशीननेही हाच प्रश्न विचारला तर कोरुनाच निवडायचं.

दिवाळीच्या फराळाला इथली मंडळी जमली तेव्हा मित्राने स्वतःच ही सगळी गोष्ट सांगितली. त्यानंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. एकेक जण बोलू लागला. एका सीनियरला प्रागमध्येच असा नोटावाला भेटला होता, आणि त्याच्यामागून दोन ‘पोलीस’ आले. बिल्ला दाखवून म्हणाले, काळ्या बाजाराचा व्यवहार आहे, पाकीट आणि पासपोर्ट दाखवा. पाकीट परत मिळालं, त्यातल्या नोटा कमी झालेल्या. खरा पोलीस रस्त्यात तुमच्या नोटा मोजायला मागत नाही. असं झालं तर पाकीट खिशातच राहू द्या आणि तिथेच उभ्या उभ्या ११२ किंवा १५८ लावा. पासपोर्ट मात्र मूळच जवळ हवा, परतीच्या गाडीत सीमेवर जर्मन पोलीस तो तपासू शकतात.

पुण्याच्या एका मुलीने पॅरिसमधलं सांगितलं: मोंमार्त्रच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली मनगटावर दोरा गुंडाळतात आणि मग पैसे मागत घेराव घालतात. आपल्याकडे मनगटात धागा बांधणं म्हणजे चांगलीच गोष्ट, त्यामुळे आपला हात सहज पुढे होतो. तिथे दोन्ही हात खिशात आणि पाय चालते ठेवायचे.

सगळ्यांत मोठा फटका ॲमस्टरडॅमच्या फ्लॅटचा निघाला. समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून सुट्टीच्या तीन रात्रींसाठी घर ठरवलं, पूर्ण भाडं आणि अनामत थेट बँक खात्यात भरली, आणि दिलेल्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं. झटपट ट्रान्सफर काही सेकंदांत पोचते आणि मागे घेता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव खाते क्रमांकाशी जुळतं का ते तपासून दाखवावं लागतं. नाव जुळत नाही असं ॲपवर आलं आणि समोरचा म्हणाला की ते खातं माझ्या बायकोचं आहे, तर व्यवहार तिथेच सोडून द्या, घर कितीही स्वस्त पडत असलं तरी. वीकेंडला घरं भराभर जातात हे फसवणाऱ्यालाही कळतं, म्हणून तो सतत सांगत राहतो की अजून दोन ग्रुप विचारताहेत, तासाभरात भरा.

यातली एकही गोष्ट त्या दिवाळीआधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली नव्हती. तिथे चार्ल्स ब्रिजवरचे फोटो होते, आयफेल टॉवरसमोरचे होते, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचे होते. ज्या ट्रिपमध्ये पैसे गेले त्याच ट्रिपचे ते फोटो होते.

त्याच रात्री आम्ही ग्रुपची ती जुनी यादी नव्याने लिहिली. ‘रोख युरो घेऊन जा’ ही ओळ काढली, चेक नोटांचे फोटो टाकले, तीन तासांचा नियम आणि पोलिसांचे क्रमांक टाकले. आता ऑक्टोबरच्या सेमिस्टरला नवी मुलं आली की ती यादी आम्ही त्यांना मेसचं कार्ड कुठे भरायचं या माहितीसोबतच देतो. पाठवायचं काम कोल्हापूरच्या मित्राने आपणहून घेतलं आहे, आणि कोणाचं काही गेलं असेल तर आधी मला फोन करा, असं तो खाली स्वतःच्या नावानिशी लिहितो. असे फोन येतात. मागच्या वेळी एका मुलाचा फोन प्रागच्या खिडकीसमोरूनच आला होता, पावतीवरच्या वेळेला अजून तास व्हायचा होता.