काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समधली पूररेषा

सांगलीत कृष्णेच्या काठापासून काही अंतरावर आम्ही घरासाठी प्लॉट घेतला. व्यवहाराच्या वेळी एजंटाने विकास आराखड्याच्या भाग नकाशाची झेरॉक्स पुढे ठेवली. तिच्यावर दोन रेषा होत्या. नदीकडची ती पूररेषा आणि प्लॉटच्या मागून जाणारी प्रस्तावित रस्त्याची, त्यामुळे पुढे भाव वाढणारच, असे त्याने ठासून सांगितले. प्रत काळी-पांढरी असल्याने दोन्ही रेषा सारख्याच दिसत होत्या, आणि फसवणुकीचे मर्म नेमके तिथेच होते. बांधकाम परवानगीसाठी आमच्या अभियंत्याने रंगीत नकाशा काढला, तेव्हा पहिली रेषा निळी आणि तो ‘रस्ता’ लाल निघाला.

निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आणि तिथून लाल रेषेपर्यंतचा नियंत्रित पट्टा. आमचा प्लॉट या दुसऱ्या पट्ट्यात आहे. तेथे घर बांधता येते, परंतु 2020 च्या राज्य नियमावलीनुसार ते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंचावर असावे लागते. आमची जमीन त्या पातळीच्या बरीच खाली असल्यामुळे संपूर्ण घर खांबांवर उचलावे लागणार आहे, आणि हा खर्च अर्थातच प्लॉटच्या भावातून वजा झालेला नव्हता.

“2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, आपली जमीन 60 फुटांवर आहे,” हेही एजंटाचेच बोलणे. पुलाजवळची पट्टी, जिच्यावर 40 फूट ही इशारा आणि 45 फूट ही धोका पातळी आहे, नदीतील पाणी मोजते. जमिनीची आणि पूररेषेची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजली जाते. त्याचे 60 फूट कोणी आणि कुठून मोजले, हे त्याला आजही सांगता येत नाही.

खरेदीखतात ‘खरेदीदाराने मिळकतीची समक्ष पाहणी करून खात्री केली आहे’ हे ठरावीक वाक्य असल्याने तोंडी आश्वासनावर दाद मागणे अवघड जाईल, असे वकिलांचे मत पडले. म्हणून झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि रंगीत भाग नकाशा स्वतः अर्ज करून काढावा, प्लॉटची पातळी मोजून घ्यावी आणि पूररेषेविषयीचे विक्रेत्याचे म्हणणे गट क्रमांकासह इसारपावतीतच लिहून घ्यावे. त्याने लिहून देण्यास टाळाटाळ केली, तर इसार देऊ नये.