ऑरेगनची साके आणि आमचं ताट: आठ महिन्यांनंतर

इथे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, आमच्या हिल्सबरोहून फॉरेस्ट ग्रोव्ह हे गाव गाडीने जेमतेम वीस मिनिटं. तिथे 'साकेवन' कंपनी १९९७ पासून साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं जपानी मद्य, बनवते. गेले आठ महिने त्यांच्या 'मोमोकावा' साकेची एखादी तरी बाटली आमच्या फ्रिजमध्ये असतेच.

पहिली बाटली मी कोमट करून प्यायलो आणि तिचा सगळा सुवास घालवला. ही जिंजो साके. तांदळाचा निदान ४० टक्के भाग घासून काढायचा आणि उरलेला गाभा थंडीत सावकाश आंबवायचा, तेव्हा कुठे तो फळासारखा वास येतो. ती थंडच प्यावी.

आपल्या जेवणाशी वाइनचं मला कधी जमलंच नाही. तिखटाबरोबर लाल वाइनचा तुरटपणा टोचतो, आणि पांढरीचा आंबटपणा कोकमाशी भांडतो. साकेत तुरटपणा जवळजवळ नाहीच, आंबटपणाही वाइनपेक्षा कितीतरी कमी. शिवाय साकेसाठी तांदळावर वाढवतात त्या कोजी बुरशीमुळे तांदळातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. मटणाच्या अळणी पाण्यात जी भरीव चव असते ना, त्याच जातीची ही चव. म्हणून मासा आणि ती एकमेकांना धरून राहतात. हळद, मीठ, लिंबू लावून तव्यावर परतलेला सामन आणि मोमोकावातली कमी गोडीची 'सिल्व्हर', हे आमचं शुक्रवारचं ठरलेलं जेवण.

पण माझा जीव मोमोकावाच्याच 'पर्ल'वर. ही निगोरी, म्हणजे जाडसर गाळलेली. बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. मराठीत त्याला साकाच म्हणतात, याची मला भारी मौज वाटते. बाटली हलक्या हाताने दोन-तीनदा उलटीसुलटी केली की ग्लासात पेज ओतल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात आई आली होती. ती पीत नाही, पण वास घेऊन म्हणाली, "अरे, हे तर आंबोळीचं पीठ फुगल्यासारखं!" पर्लमध्ये नारळाची झाक आहे आणि थोडी गोडी, त्यामुळे नारळाच्या रसातल्या कोळंबीच्या कालवणाचं तिखट ती छान सांभाळून घेते. मात्र बहुतेक साकेंसारखं हिच्यात शेवटी वरून पाणी घातलेलं नसतं, म्हणून जपून; लवकर चढते.

तांबड्या रश्श्यापुढे मात्र यातली एकही टिकली नाही. कांदा-लसूण मसाल्याखाली सुवास पार दबतो. तिथे बिअरच बरी.

एकदा एका दुकानातून खिडकीतल्या उन्हात ठेवलेली बाटली आणली. रंग पिवळट, वास जुन्या पुठ्ठ्यासारखा. परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. तेव्हापासून मी फक्त फ्रिजमधलीच घेतो. फोडलेली बाटली आठवड्यात संपवतो. त्यानंतर उरली तर मीठ आणि आलं घालून तिच्यात मासे मुरवतो, अर्धा तास पुरतो.