ओ-पेअर की एफएसजे: जर्मनीतलं एक वर्ष कुठे काढावं?

मामेबहीण यंदा बारावी झाली. साताऱ्याहून मामीचा फोन आला, "हिला वर्षभर जर्मनीला जायचंय म्हणे. ओ-पेअर की ते दुसरं, तूच सांग बाई, तू दोन्ही केलंयस." तासभर बोलले, पण फोन ठेवल्यावर वाटलं, मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. म्हणून लिहायला बसले. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर परदेशी धाडायला निघालेल्या आणखीही घरांना याचा उपयोग होईल.

मी आधी ओ-पेअर होते, म्हणजे एका जर्मन कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची. सप्टेंबर २०२२ मध्ये गेले, वय एकोणीस. ट्युबिंगनजवळचं खेडं, घरात आई, वडील, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. ते वर्ष संपल्यावर तिथेच राहून एफएसजे केलं, म्हणजे तरुणांसाठीची वर्षभराची समाजसेवा, श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमात. आता नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण, करते आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार ते सुरुवातीलाच सांगून टाकते. तरी ओ-पेअरच्या वर्षाबद्दल मनात कडवटपणा नाही. त्या दोघा मुलांचे फोटो आजही माझ्या खोलीच्या भिंतीवर आहेत.

आणखी एवढंच सांगते की एफएसजे शोधताना बीएफडीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी स्वयंसेवा योजनेच्या, जागाही बघा. २०११ मध्ये जर्मनीने सक्तीची लष्करी भरती थांबवली, तेव्हा लष्कराऐवजी इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत सेवा करणारी मुलंही बंद झाली. त्यांची जागा भरायला बीएफडी आली. कागदावर वेगळी, रोजच्या कामात जवळपास तीच. आमच्याकडे दोन्हींतली मुलं एकाच टेबलावर जेवायची आणि कोण कुठल्या योजनेतला हे कुणी विचारायचं नाही.

पैशांचं आधी उरकते, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. पगार दोन्हीकडे नाही, हातखर्च मिळतो. ओ-पेअरला महिन्याला २८० युरो, शिवाय स्वतंत्र खोली, जेवण, विमा आणि भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाकडून ७० युरो. एफएसजेला संस्था देईल ते. कायद्याने २०२५ मध्ये वरची मर्यादा ६४४ युरो होती, पण तेवढे घेणारं माझ्या पाहण्यात कुणी नाही. मला ४१० मिळायचे आणि वृद्धाश्रमाच्या आवारातच खोली. खोली नसलेली जागा मात्र पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीने घेऊ नये, असं माझं मत आहे. भारतात बसून तिथे भाड्याची खोली शोधणं फार कठीण, आणि मिळालीच तर सगळा हातखर्च त्यातच जातो. एक दिलासा दोन्हीकडे आहे: विद्यार्थी व्हिसाला ते वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवावे लागतात, तसं इथे सहसा लागत नाही. माझ्या बाबांनी 'जा' म्हटलं ते याच एका कारणावर. आणि जागा मिळवून देतो म्हणून लाखांत पैसे मागणारा कुणी भेटला, तर तिथून सरळ उठून या.

भाषेच्या बाबतीत ओ-पेअरची वाट सोपी आहे, निदान शिरण्यापुरती. ए-वनवर, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीवर, व्हिसा होतो. एफएसजेला बहुतेक संस्था बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, मागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण आजोबांनी "छातीत दुखतंय" म्हटलेलं कळायला हवं. पण शिकण्याचं म्हणाल तर मुलांइतका चिकाटीचा शिक्षक मला अजून भेटलेला नाही. दुधाला मी दर सकाळी पुल्लिंगी करायचे आणि ती चार वर्षांची पोर चमचा खाली ठेवून म्हणायची, "डी मिल्श!" मी नीट म्हणेपर्यंत चमचा पुन्हा उचलायची नाही. डिसेंबरपर्यंत माझी स्वयंपाकघरातली सगळी लिंगं सुधारली. अडचण इतकीच की ती भाषा चार वर्षांच्या मुलीची होती. बँकेत गेले, डॉक्टरकडे गेले की शब्द संपायचे.

वृद्धाश्रमात उलट झालं. तिथे श्वेबिश, म्हणजे त्या भागातली बोली. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी नाश्त्याला 'ग्झेल्त्स' मागितलं. मला ते 'झाल्त्स'सारखं ऐकू आलं, मी मिठाची डबी नेऊन ठेवली. त्यांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट दाखवलं ते जॅमच्या बरणीकडे. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या मला एक शब्द द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या. तरी पहिले दोन महिने रात्री डोकं भणभणायचं, हे लपवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती. छान खोली, खिडकीतून सफरचंदाची झाडं दिसायची. रात्री नऊच्या सुमाराला डिशवॉशर संपायचा आणि तीनदा वाजायचा. ट्यूं, ट्यूं, ट्यूं. मुलं झोपलेली, आईवडील बाहेरच्या खोलीत. मी पलंगावर पुस्तक घेऊन बसलेली. तो आवाज आला की माझ्या मनात सुरू व्हायचं: आता भांडी कोण काढणार? कुणी मला कधीही "ऊठ" म्हटलं नाही. एकदाही नाही. पण ताई, म्हणजे मुलांची आई, दिवसभर ऑफिसातून दमून आलेल्या, दादा, म्हणजे वडील, बाळाला झोपवून आत्ता कुठे टेकलेले, आणि मी भिंतीच्या अलीकडे. मी उठायचे. गरम ताटल्या पुसून फडताळात लावायचे. दहा मिनिटांचं काम. पुढे पुढे ताई हसून "दांके" म्हणायच्या, मग त्याही म्हणेनाशा झाल्या, कारण ते काम आता माझंच झालं होतं.

नियम काय सांगतो? दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला तीस, आठवड्यात किमान दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या. आमच्या करारात हे सगळं होतं आणि ती माणसं करार मोडणारी नव्हती. पण भांडी काढायची दहा मिनिटं तीस तासांत कोण धरणार? रविवारी सकाळी माझ्या दारावर छोट्या हाताची थाप पडायची, "तू उठलीस?" तो खेळ की काम? बाळाला ताप आला, पाळणाघराने घरी पाठवला, त्या आठवड्याचे तास कुणी मोजायचे? मी मोजले असते तर मलाच लाज वाटली असती. आणि इथेच मला वाटतं आपल्याकडच्या मुलींनी जास्त विचार करावा. "तू घरचीच आहेस" हे वाक्य ऐकलं की आपण उठतो. पाहुण्यांसमोर पदर खोचून उभ्या राहणाऱ्या आया-मावश्या बघत आपण वाढलो, आपल्याला बसून राहणं शिकवलेलंच नाही. माझ्यासोबत भाषेच्या वर्गात जॉर्जियाची एक ओ-पेअर होती. ती नवाच्या ठोक्याला दार लावून घ्यायची आणि तिच्या घरच्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. म्हणजे दोष पद्धतीचा म्हणावा की माझ्या वळणाचा, हे नक्की सांगता येणार नाही. पण जाणारी मुलगी आपलं वळण बरोबर घेऊनच जाते ना.

वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी मला भिंतीवरचा कागद दाखवला. 'डीन्स्टप्लान', कामाचा तक्ता. माझ्या नावापुढे एकतीस चौकोन, कशात 'एफ' म्हणजे सकाळपाळी, कशात 'एस' म्हणजे दुपारपाळी, कशात नुसती रेघ. रेघ म्हणजे सुट्टी. सकाळपाळी अडीचला संपायची. पहिल्या आठवड्यात अडीच वाजून गेले तरी मी टेबलं पुसत होते, तर पाळीवरच्या मोठ्या बाईंनी येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "फायरआबेंड!" काम सुटलं, आता तुझा वेळ तुझा. एवढ्याशा शब्दाने मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. त्या दुपारी मी एकटीच नेकर नदीच्या काठी जाऊन बसले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी कुठे आहे हे कुणी विचारणार नव्हतं आणि माझ्यावाचून कुणाचं अडणारही नव्हतं.

एफएसजे हलकं आहे असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. आठवड्याला एकोणचाळीस तास, म्हणजे कागदावर तरी ओ-पेअरपेक्षा जास्तच. जानेवारीत सकाळी सहाला अंधारात बर्फ तुडवत जायचं. आंघोळ घालायला, कपडे बदलायला हात द्यायचा, ओलं झालेलं अंथरूण बदलायचं. ज्या आजींनी मला शब्द शिकवले त्या मार्चमध्ये गेल्या. मी खोलीत गेले तेव्हा सिस्टर खिडकी उघडत होत्या. जीव बाहेर जायला वाट हवी म्हणून तिथे अशी खिडकी उघडतात. मला घरापासून इतकं दूर असं काही पाहायची तयारी नव्हती, आणि त्या रात्री आईला फोन करून मी खूप रडले. ज्या मुलीला हे झेपणार नाही असं तिच्या घरच्यांना मनापासून वाटतं, तिने बालवाडीतली किंवा पर्यावरणाच्या कामाची जागा बघावी. बालवाडीची जागा एफएसजेतच येते, पर्यावरणाच्या कामाला एफओजे नावाची वेगळी योजना आहे.

एकटेपणाचा मुद्दा बाहेरून दिसत नाही, म्हणून सांगते. ओ-पेअरला कुटुंब असतं, त्यामुळे सणाला, वाढदिवसाला एकटं पडायची वेळ येत नाही. नाताळात मला झाडाखाली माझ्या नावाची भेट होती. पण आपल्या वयाचं माणूस? गावातून शेवटची बस आठ वाजता. मे २०२३ मध्ये महिनाभर देशात कुठेही फिरायचं तिकीट ४९ युरोंना सुरू झालं तेव्हा माझं वर्ष संपत आलं होतं. (आता ते ६३ झालंय, २८० युरोंतून काढताना जड जातं.) एफएसजेत वर्षाला पंचवीस दिवस सेमिनार असतात, सहसा पाच आठवडे विभागून. सगळी अठरा ते पंचवीसची मुलं, एका जुन्या हॉस्टेलात मुक्काम, रात्री एकत्र स्वयंपाक. माझ्या आजच्या चारही जिवलग मैत्रिणी त्या पंचवीस दिवसांतल्या आहेत.

मुलग्यांच्या पालकांसाठी एक वाक्य: माझ्या पाहण्यात मुलग्यांना ओ-पेअरसाठी कुटुंब मिळायला बराच वेळ लागतो, त्यांनी थेट एफएसजेच बघावं.

ओ-पेअर मी कुणाला सुचवेन? ज्या मुलीला लहान मुलांची खरी आवड आहे, जिला घरातल्या माणसांत राहायला आवडतं, आणि जी गोड आवाजात का होईना, नाही म्हणू शकते तिला. तिला ते वर्ष सोन्यासारखं जाईल. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, पुण्या-मुंबईत राहून आधी बी-वन करावं. एफएसजेची वर्षं साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, व्हिसाला वेळ लागतो, म्हणून बारावीच्या निकालानंतर घाई करून त्याच वर्षी जायचा हट्ट धरू नये. "वर्ष वाया जाईल" असं मामा म्हणतो. मला तसं वाटत नाही, पण तो वडील आहे, त्याची काळजी मी समजू शकते.

मामेबहिणीने मात्र ए-वन करून ठेवलंय आणि तिला लवकर निघायचंय. येत्या रविवारी एका कुटुंबाशी तिचा व्हिडिओ कॉल आहे. मुलं किती, वयं काय, खोली कशी हे ती विचारणारच आहे. मी तिला आठवड्याचं वेळापत्रक लेखी मागायला सांगितलंय, आणि एक प्रश्न जर्मनमध्ये लिहून दिलाय: "वेअर रॉइम्ट डी श्प्यूलमशीने आउस?" डिशवॉशरमधली भांडी कोण काढतं? काल रात्री तिने व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला, 'श्प्यूल' अजून नीट येत नाहीये. म्हणाली, "ताई, रविवारपर्यंत पाठ करते."