गावातले कार्यकर्ते घडवायचे तर निवासी शिबिर बरं की दर आठवड्याची बैठक?

गावपातळीवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षातच हा प्रश्न पडतो. हाताशी पैसा थोडा, फिरणारे कार्यकर्ते एक-दोन, आणि गावातल्याच माणसांनी पुढे येऊन काम हातात घ्यावं अशी मनापासून इच्छा. मग चार-पाच दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं, की गावातच दर आठवड्याला बसायचं? मी दोन्ही केलंय, दोन्हीकडून चांगली माणसं मिळालीत, त्यामुळे एक चूक आणि एक बरोबर असं काही म्हणणार नाही. पण आता कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं, ते का ते सांगतो.

आधी शिबिराची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे.

ठरावीक मुदतीत ठरावीक काम उभं करायचं असेल तर शिबिराला तोड नाही. पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा आठवा, 2016 ला वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरू झाली आणि 2018 पर्यंत 75 तालुक्यांत पोचली. गावातले मोजके लोक चार दिवस निवासी प्रशिक्षणाला जायचे, ए-फ्रेमने समतल रेषा कशी काढायची, हायड्रोमार्करने उतार कसा मोजायचा, चर कुठे आणि बांध कुठे हे हातांनी करून शिकायचे, आणि परत येऊन 45 दिवस श्रमदान चालायचं. हे आठवड्याला दोन तास बसून कधीच झालं नसतं. हाताचं कौशल्य सलग दिवस लागूनच बसतं.

दुसरी गोष्ट बायकांची. गावातल्या बैठकीत समोर सासरे, दीर, भावकी बसलेली असते, सून तोंड उघडत नाही. तीच बाई गावाबाहेर अनोळखी बायकांमध्ये तिसऱ्या दिवशी माईक हातात घेऊन बोलते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल शंका उरलेली नाही. जातीचंही तसंच, एकत्र जेवणं, एका खोलीत झोपणं, गावात जे वर्षानुवर्षं होत नाही ते शिबिरात पहिल्या रात्रीच होऊन जातं. हे बैठकीने साधत नाही, निदान मला तरी साधलेलं नाही.

तर मग अडलं कुठे? यादीवर.

शिबिर म्हटलं की तारीख ठरते, हॉल ठरतो, प्रशिक्षक ठरतात आणि मग गावाला निरोप जातो, "शुक्रवारपर्यंत पाच नावं कळवा, त्यात दोन महिला हव्यात." इथेच सगळं बिघडतं. ही नावं कोण देतं? सरपंच देतो, ग्रामसेवक देतो, नाहीतर ज्याचा नंबर आपल्याकडे आहे तो देतो. आणि कोणाची देतो? ज्याला चार दिवस मोकळीक आहे, ज्याच्याकडे गाडी आहे, ज्याच्या आधारची झेरॉक्स तयार असते, ज्याला कुठे सही करायची ते माहीत आहे. म्हणजे प्रत्येक वेळी तोच मुलगा. पाण्याच्या शिबिराला तोच, माती परीक्षणाला तोच, आपत्ती व्यवस्थापनाला तोच, डिजिटल साक्षरतेला पण तोच. मुलगा हुशार असतो, तळमळीचा असतो, त्याच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, पण पाचवं प्रमाणपत्र मिळेपर्यंत गावाने सगळं त्याच्यावर सोडून दिलेलं असतं, "ते त्याचं काम आहे, तो बघेल." आणि मग एक दिवस त्याला पुण्याला नाहीतर चाकणला नोकरी लागते आणि गावात काहीच शिल्लक राहत नाही, कारण शिकलेलं सगळं एकाच डोक्यात होतं.

बायकांच्या नावांचं तर विचारूच नका. 2011 पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, सरपंच ताई असतात, यादीत त्यांचं नाव पहिलं असतं आणि शिबिराला त्यांचे मिस्टर येऊन बसतात. दुसरं नाव त्यांच्याच जावेचं.

तुम्ही म्हणाल अटी घाला. घातल्या. भूमिहीन कुटुंबातली एक तरी हवी, पूर्वी कुठल्या शिबिराला न गेलेला एक तरी हवा, पस्तिशीच्या आतले हवेत. यादी अटीत बसेल अशीच आली, आणि तरी फिरून त्याच दोन घरांच्या जवळची माणसं निघाली. कोणी मुद्दाम केलं असंही नाही. नावं मागितली की माणूस आपल्याला माहीत असलेलीच नावं सांगतो, त्यात त्याचा काय दोष? पण रात्री कोणाच्या घरी बाळंतीण अडली की जिला हाक मारतात, पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की जिचं दोन्ही बाजू ऐकतात, ती बाई कुठल्याच यादीत येत नाही, कारण तिला कोणी पुढारी समजतच नाही, ती स्वतःही समजत नाही. आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते. या एका गोष्टीने माझं मन शिबिरावरून उडालं.

बैठकीला नावं लागत नाहीत, सगळा फरक तिथेच आहे. ज्याला यायचं तो येतो. पहिल्या एक-दोन वेळा गर्दी होते, काही योजना मिळणार असं वाटतं म्हणून, मग गर्दी ओसरते, मग अगदी मोजके लोक उरतात आणि त्या टप्प्यावर बरेच जण घाबरून बैठक बंद करतात. करू नका. कामाची गोष्ट त्यानंतरच सुरू होते. उरलेल्यांमध्ये एखादी व्यक्ती असते जी प्रत्येक वेळी विचारते, "मागच्या आठवड्यात ठरलं होतं त्याचं काय झालं?" भाषण करणारा नसतो तो, बहुतेक वेळा मागे भिंतीला टेकून बसलेली कोणीतरी असते. माझ्या अनुभवात हा एक प्रश्न विचारणारी माणसंच पुढे टिकली. याला काही मोजमाप नाही माझ्याकडे, पण आता मी कुठल्याही गावात आधी तेच ऐकायला बसतो.

आणि ही काही माझी शोधून काढलेली पद्धत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं जामखेड घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं, गावांनी आपल्यातल्या बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या, त्यातल्या कितीतरी अक्षरओळख नसलेल्या होत्या, आणि त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन थोडं थोडं शिकत गेल्या. शिकलेलं गावात जाऊन करायचं, अडलेलं पुढच्या आठवड्यात घेऊन यायचं. एका दमात सगळं शिकवून मोकळं व्हायचं असा प्रकारच नव्हता. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्या बायकांचं वर्षानुवर्षं टिकून राहणं.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) दुसरं. तिथे अभ्यासगट बसायचे, एखादा विषय घेऊन गावकरी आणि बाहेरचे जाणकार बोलत राहायचे आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने व्हायचा, बहुमताने नाही. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा वनहक्काचा कायदा समजणारा एकच माणूस गावात होता असं झालं नाही, बरेच जण तयार होते. तिथले नेते देवाजी तोफा यांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं, पण त्यांच्या मागे बसून बोलणारं गाव होतं.

सरकारनेही आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, बाबतीत थोडंसं हेच ओळखलं असं मला वाटतं. त्यांच्या सहाव्या-सातव्या मॉड्यूलचं 20 दिवसांचं प्रशिक्षण सलग न ठेवता पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत ठेवलंय. मधल्या काळात काम करायचं, मग पुढचं शिकायचं.

आता बैठकीचा त्रास पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. ती फार हळू चालते. वर्षभरात दाखवायला फोटो नसतो, देणगीदाराला अहवालात काय लिहायचं हा प्रश्न पडतो, शिबिरात निदान "इतके प्रशिक्षित" असा आकडा तरी मिळतो. पेरणी, खुरपणी, काढणी आली की बैठक मोडते. ऊसतोडीची गावं असतील तर दिवाळीच्या आसपास अर्धं गाव कारखान्यावर जातं ते उन्हाळ्यालाच परत येतं, तिथे बैठकीचं वेळापत्रक वेगळंच मांडावं लागतं. गावातलं राजकारण बैठकीत घुसतं, निवडणुकीच्या वर्षी तर जास्तच. आणि खर्च कमी आहे असं वरवर वाटतं पण तुमच्या कार्यकर्त्याची प्रत्येक संध्याकाळ जाते, पेट्रोल जातं, पावसाळ्यात रात्रीचं परतणं आहे. ज्यांच्याकडे असा रोज फिरणारा माणूस नाही त्यांनी बैठकीचा हट्ट धरू नये, त्यांना शिबिरच परवडेल.

तरी पण निवडायचंच असेल तर मी म्हणेन बैठकीपासून सुरुवात करा आणि शिबिर नंतर ठेवा. म्हणजे एक पूर्ण हंगाम गावात बसायचं, मग शिबिराची वेळ आली की नावं सरपंचाकडून न मागता बैठकीलाच विचारायचं, कोणी जावं? तिथे येणारी नावं वेगळी असतात. आणि जी बाई गावात बोलत नाही तिला तर शिबिराला आवर्जून पाठवावंच, शिबिराची ताकद तिच्यासाठी वापरावी. फक्त परत आल्यावर पुढच्याच बैठकीत तिने काय पाहिलं ते सांगायचं, दोन वाक्यं बोलली तरी चालेल.

सुरू करणाऱ्यांसाठी दोन-तीन बारीक गोष्टी. नवीन गट जमवण्यापेक्षा गावात बचत गट नियमित बसत असेल तर त्याच्या बैठकीला जोडून अर्धा तास मागा, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांना बैठकीची आणि वही लिहायची शिस्त आधीच असते. जागा कोणाच्या ओट्यावर नको, देवळातही नको, काही घरातली माणसं तिथे मोकळी बसत नाहीत. शाळेचा व्हरांडा बरा. बाजाराचा दिवस टाळा. आणि इतिवृत्ताची वही पहिल्या दिवसापासून गावाकडेच ठेवा, पाळीपाळीने लिहू द्या, अक्षर कसंही असो. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं आणि शाळेतल्या पोराने लिहायचं. आपण लिहायला घेतली की ती आपली वही होते, मग मागच्या आठवड्याचं काय झालं हे विचारायला कोणी उरत नाही.