ट्रॅप कॅमेऱ्याला बाहेरची बॅटरी: ६ व्होल्ट की १२?

ऊसतोडीची टोळी फडात उतरण्याआधी आत बिबट्याची मादी पिलांसह मुक्कामाला आहे की नुसती येऊन जाते, हे कळायला हवं. कादवेच्या काठी आमच्या बांधावर मी त्यासाठीच ट्रॅप कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, लावतो. पेन्सिल सेलवर तो दिवसभर नीट चालतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की थकलेल्या सेलचं व्होल्टेज बसतं आणि कॅमेरा बंद पडतो. निफाडच्या थंडीत साधे अल्कलाइन सेल तर आणखी लवकर मान टाकतात. नेमक्या हव्या त्या रात्री कोऱ्या जातात.

म्हणून बाहेरची बॅटरी. माझा कॅमेरा ६ व्होल्टचा, बाजूला पिन लावायला जागा असलेला. पॉवर बँकेचा विचार मी लगेच सोडला. झोपलेला, म्हणजे नुसती हालचालीची वाट बघणारा कॅमेरा इतका कमी करंट घेतो की बहुतेक पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात.

उरले दोन मार्ग. एक, इमर्जन्सी दिव्यात असते तशी ६ व्होल्ट ४.५ एएचची (अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) सीलबंद बॅटरी थेट जोडायची. दुसरा, फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी घ्यायची आणि मध्ये व्होल्टेज उतरवणारा छोटा कन्व्हर्टर बसवायचा.

सुरुवात मी दुसऱ्यापासून केली. द्राक्षाच्या गावात पंपाची बॅटरी आणि तिचा चार्जर घरोघरी असतो. कन्व्हर्टर स्वस्त. कागदावर ताकदही जास्त. पहिला आठवडा सुरेख गेला. अठराव्या दिवशी कार्ड काढायला गेलो तर शेवटचे सहा दिवस रिकामे, आणि चिखलात मात्र ताजे ठसे.

बॅटरी जुनी होती, हे मान्य. नवी चार्ज करून नेली, संध्याकाळी जोडणी करताना कॅमेऱ्याची पिन काढली, तरी डब्यात कन्व्हर्टरचा लाल दिवा तसाच जळत होता. तिथेच गोम कळली. बाजारात सर्रास मिळणारा एलएम२५९६ या चिपचा कन्व्हर्टर काही काम नसतानाही साधारण ५ ते १० मिलिअँपिअर खातो. कमीत कमी धरले तरी दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे महिन्यात साडेतीन एएचच्या वर. झोपलेल्या कॅमेऱ्याची भूक त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत उतरून तशीच पडली की कायमची खराब होते, तीही माझी गेली. कमी खाणारे कन्व्हर्टर मिळतात, पण दुकानात मागून नेमका तोच हाती येईल याची खात्री मला कधी वाटली नाही.

६ व्होल्टवाली थेट जोडली तेव्हापासून महिना-सव्वा महिना मला बॅटरीकडे बघावं लागलेलं नाही. रोज रात्री लांब व्हिडिओ घेत असाल तर तुमचा हिशेब वेगळा येईल. तिचीही एक अडचण आहे: पंपाचा चार्जर तिला चालत नाही, ६ व्होल्टचा वेगळा घ्यावा लागतो. कॅमेरे दोन-चारच असतील तर मला ते जड वाटत नाही.

जोडण्याआधी मल्टिमीटरने पिनचं प्लस-मायनस तपासा, चुकलं तर कॅमेरा जातो. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून ती ठिबकच्या १६ एमएम लॅटरल नळीतून न्या, आणि पिनच्या खाली वायरीला झोळ द्या, म्हणजे पाणी आत न जाता खाली ठिबकेल. मॅन्युअल परवानगी देत असेल तर आत सेलही राहू द्या. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी बदलताना त्यामुळे तारीख-वेळ टिकते. वन खात्याला फोटो दाखवताना तारीखच चुकीची असेल तर काय सांगणार?

पिनची जागा नसेल तर सेलच्या कप्प्यात खोटे सेल बसवून वायर काढता येते, पण मग झाकणाच्या कडेने ओल शिरते. मी ते एकाच पावसाळ्यात सोडलं.

कॅमेरा मुळातच १२ व्होल्टचा असेल तर प्रश्नच मिटतो. माझा दुसरा तसाच आहे, त्याला पंपाची बॅटरी थेट लावतो, मध्ये काही नाही.