बाहेरचं घरगुती लाकडी फर्निचर परत घासून, बदल करून वापरलं : काय टिकलं आणि काय उखडलं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. कुठल्या डब्यातलं पॉलिश मारलं यापेक्षा लाकडावर पडलेलं पाणी लगेच निघून जातं की तिथेच बसून राहतं, यावर सगळं ठरतं. फिनिशवर मी जेवढं डोकं लावलं त्याच्या निम्मंसुद्धा बाकाच्या पट्ट्यांमधल्या फटींवर लावलं नव्हतं आणि महिने गेल्यावर बघते तर काम त्या फटींनीच केलंय. बाकीचं सविस्तर खाली, जरा लांबलंय.

सामान काय होतं, तर एक तिघांचा बाक, दोन हातवाल्या खुर्च्या आणि एक बुटकं टेबल. सगळं घरीच केलेलं, बाक आणि टेबल जुन्या चौकटीच्या सागवानाचं आणि खुर्च्या पॅलेटच्या (मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) पाईनच्या. (पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का बघा, एचटी असेल तर लाकूड उष्णता देऊन शुद्ध केलेलं असतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला असतो, ते घरात आणूच नका.) वर छप्पर नाही, ऊन थेट, पाऊस पण थेट. आधी सगळ्याला घरातल्या फर्निचरचं पारदर्शक पॉलिश होतं आणि त्याचे पापुद्रे सुटले होते, स्क्रूभोवती काळे डाग आणि पायांची टोकं खालून मऊ पडलेली.

जुनं पॉलिश काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. नुसता पॉलिशपेपर घेऊन बसलात तर पॉलिश गरम होऊन चिकट होतं आणि पेपर दोन मिनिटांत भरतो, म्हणून आधी हीट गन आणि स्क्रेपरनं मोठे पापुद्रे काढायचे, पट्ट्यांच्या बेचक्यात स्ट्रिपर (जुनं पॉलिश सैल करणारं रसायन) लावायचा आणि मग पेपर. ८० नंबरनं सुरू केलं आणि १२० ला थांबले. घरातल्या टेबलाला लोक २४०, ३२० पर्यंत जातात तसं इथे करायचं नाही, लाकूड फार गुळगुळीत झालं की तेल आत कमी शिरतं आणि व्हार्निशला धरायला जागा राहत नाही. मास्क लावाच, सागवानाच्या भुश्यानं नाकाला आणि कातडीला चांगलाच त्रास होतो. आणि लाकडावर फार जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

एक गैरसमज फार दिसतो. लाकूड राखाडी झालं म्हणजे कुजलं नाही. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन (धागे बांधून ठेवणारा घटक) मोडतात, ते पावसानं धुवून जातं आणि वर सेल्युलोजचे फिकट धागे तेवढे राहतात. हा थर इतका पातळ असतो की थोडं घासलं की खाली मूळ रंग दिसतो. खरंच कुजलंय का ते बघायला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबायचं, सहज आत घुसलं तर कुजलंय, नाहीतर नुसतं उन्हानं रंगलंय. आमच्या बाकाचा वरचा भाग अगदी भिकार दिसत होता पण ठणठणीत निघाला आणि बाहेरून चांगले दिसणारे पाय खालून गेलेले होते.

स्क्रूभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत कारण ते वरवरचे नसतात. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की शाईसारखा रंग तयार होतो आणि तो आत मुरतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं लावायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि मग भरपूर पाण्यानं धुवायचं. डाग डोळ्यांदेखत फिके होतात, यातलं सगळ्यात समाधानाचं काम हेच. हातमोजे, चष्मा हवाच, आणि धुण्यात कंजूषी नको कारण उरलेली पावडर वाळल्यावर परत घासायला घेतलं की ती हवेत उडते, ती विषारी असते. धुण्यासाठी प्रेशर वॉशर वापरायचा मोह होतो, पण पाईनसारख्या मऊ लाकडाचे धागे त्यानं उपटून येतात, मग ते केसाळ झालेलं लाकूड परत घासत बसा.

आता बदल. इथे जरा रेंगाळते कारण खरा फरक इथे पडला.

बाकाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या होत्या. दिसायला छान, पण लाकूड ओलं झालं की रुंदीला फुगतं (लांबीला जवळजवळ काहीच नाही), जागा मिळाली नाही की पट्ट्या वर उचलल्या जातात नाहीतर स्क्रू ताणले जातात. सगळ्या पट्ट्या काढल्या, प्रत्येकीच्या कडेला रंधा मारला आणि मध्ये साधारण ६ मिलिमीटर फट ठेवून परत बसवल्या. लाकूड कडकडीत वाळलेलं असताना बसवत असाल तर थोडी जास्त ठेवा, ओलसर असताना बसवत असाल तर कमी चालते कारण वाळल्यावर ती आपोआप वाढणार आहे.

त्याच वेळी अजून एक केलं जे फारसं कोणी सांगत नाही. पट्टी जिथे खालच्या चौकटीवर सपाट टेकते तिथे दोन लाकडांमध्ये पाणी ओढलं जातं आणि ते दिवस दिवस वाळत नाही, वर ऊन पडून सगळं कोरडं दिसत असलं तरी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो आणि तो नेमका तिथे टिकतो. म्हणून प्रत्येक स्क्रूखाली पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये जाड नायलॉनचा वॉशर टाकला. काम किचकट, वॉशर सारखे घसरतात, वैताग येतो. पण पावसाळ्यानंतर दोन पट्ट्या मुद्दाम उघडून बघितल्या तर खाली लाकूड स्वच्छ, आधी तिथे काळी रेघ होती.

पायांचा मऊ झालेला भाग सरळ कापून टाकला, चारही पाय सारखे. बसायची उंची ४५ सेंटीमीटरवरून ४३ वर आली, कोणाला कळलंही नाही. पायाचं खालचं टोक म्हणजे लाकडाचा आडवा छेद आणि तिथून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीनं आत जातं, त्यामुळे तिथे पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) पाजलं. पाजलं म्हणजे अक्षरशः, पहिला हात गायब होतो, दुसरा पण, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत देत राहायचं. वाळल्यावर खाली प्लास्टिकचे पाय ठोकले म्हणजे लाकूड साचलेल्या पाण्यात उभं राहणार नाही. सगळ्या प्रकरणात एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

बाकाची पाठ काटकोनात होती, त्यावर माणूस पाच मिनिटांत उठतो. पाठीच्या खांबामागे पाचरीसारखे तुकडे घालून ती साधारण १०० ते १०५ अंशांपर्यंत कलती केली आणि बैठकीलाही मागे थोडा उतार दिला. आता लोक तासन् तास बसतात. मात्र मागे उतार दिला की पाणीही मागे जातं आणि पाठ व बैठक जुळते तिथे साचतं, तेव्हा तिथे बोटभर फट ठेवायची नाहीतर आरामाच्या नादात सांधा जाईल. खुर्च्यांचे रुंद हात मात्र पुढे किंचित उतरते केले, कप सरकत नाही पण पाणी थांबत नाही.

सगळ्या कडा गोल केल्या, ३ मिलिमीटरच्या आसपास. लहान मुलांना लागू नये हे आहेच, पण धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि उखडायला सुरुवात तिथूनच होते.

स्क्रू सगळे स्टेनलेस घेतले, ३०४ ग्रेडचे. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ घ्या. स्टेनलेसचे स्क्रू साध्या कडक स्टीलच्या स्क्रूपेक्षा मऊ असतात, सागवानात आधी भोक न पाडता घुसवायला गेलात तर डोकं तुटून हातात येतं. स्क्रूची डोकी झाकायला काही ठिकाणी लांबी (पुटी) भरली होती आणि काही ठिकाणी लाकडाच्या गुट्ट्या बसवल्या होत्या. लांबी बहुतेक सगळी सुटली, गुट्ट्या जशाच्या तशा आहेत. जोडांना डी४ दर्जाचा वॉटरप्रूफ ग्लू, आणि सागवानात नैसर्गिक तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घेतलं. सांधे आजपर्यंत एकही हलला नाही.

आता फिनिश. मुद्दाम चार वस्तूंना चार वेगळे प्रकार दिले, घरच्यांच्या मते हा वेडेपणा, एकाही दोन गोष्टी मॅचिंग नाहीत म्हणे. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी तिन्ही झाल्यावरची परिस्थिती अशी.

टेबलाला उकळलेलं जवसाचं तेल, पारदर्शक. लावल्या दिवशी लाकूड इतकं सुंदर दिसतं की वाटतं झालं, जिंकलो. काही महिन्यांत मधला भाग राखाडी आणि पावसाळ्यात बारीक काळे ठिपके, ती बुरशी, जवसाचं तेल तिला आवडतं. सोडियम परकार्बोनेटच्या (ऑक्सिजन ब्लीच पावडरच्या) पाण्यानं धुतल्यावर ठिपके गेले. बाहेर उघड्यावर परत वापरणार नाही, व्हरांड्यात चालेल. तेल लावताना एक नियम पाळायचा, पंधरा वीस मिनिटांनी जे वर राहिलंय ते सगळं पुसून घ्यायचं, नाहीतर ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. आणि ते पुसलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. हे घाबरवायला सांगत नाहीये, खरंच होतं. एकेक फडकं पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बाकाला रंगद्रव्य असलेलं एक्स्टिरियर तेल. हे पारदर्शक तेलापेक्षा खूपच बरं टिकलं कारण तो रंगच ऊन अडवतो, फिनिश जितकं पारदर्शक तितकं ऊन आत जातं असा साधा हिशोब आहे. बैठकीवर फिकं झालंय, पाण्याचे थेंब पूर्वीसारखे गोळा होऊन राहत नाहीत. पण दुरुस्ती म्हणजे साबणानं धुवा, वाळवा, हातानं हलकं घासा, एक हात द्या, संपलं. उखडण्यासारखं वर काही नाहीच.

पहिल्या खुर्चीला स्पार व्हार्निश, पहिला हात थिनर घालून पातळ आणि पुढचे घट्ट. हे मुळात जहाजांच्या डोलकाठ्यांसाठीचं, लाकडाबरोबर थोडं ताणलं जातं म्हणून घरातल्या पॉलियुरेथेनसारखं लगेच तडकत नाही. दिसायला चौघांत सगळ्यात देखणं. पण हातांच्या वरच्या बाजूला आणि बैठकीच्या पुढच्या कडेला आता बारीक भेगा दिसायला लागल्यात आणि एका ठिकाणी आत पाणी जाऊन पांढरट डाग आलाय. तेवढा भाग पूर्ण खरवडून परत करावा लागणार. भेग पडायच्या आधीच दरवर्षी २२० नंबरनं हलका हात मारून नवा थर दिला तर ते वर्षानुवर्षं चालतं, म्हणजे ज्यांना ही शिस्त आहे त्यांच्यासाठी उत्तम. मला ती कितपत जमेल याची शंका आहे.

दुसऱ्या खुर्चीला चक्क रंग, बाहेरच्या लाकडासाठीचा पाण्यातला ॲक्रिलिक, खाली प्रायमर. आलेल्या प्रत्येकानं "अरे लाकूड झाकून टाकलं" म्हणून हळहळ व्यक्त केली. आणि आज सगळ्यात चांगल्या अवस्थेत तीच आहे. एकच तक्रार, पाईनच्या गाठींमधून पिवळट डाग वर आलेत. गाठींवर आधी शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर द्यायला हवा, साधा प्रायमर ते अडवत नाही. पाईन असेल आणि उघड्यावर ठेवायचं असेल तर माझं मत रंग, सागवान असेल तर रंगीत तेल किंवा मग काहीच नाही. सागवान नुसतं राखाडी होऊ दिलं तरी बरीच वर्षं चालतं, फक्त ते दिसणं आवडायला हवं.

कोणतंही फिनिश लावायच्या आधी लाकूड नीट वाळलेलं हवं, ओलावा मोजायचं मीटर असेल तर १५ टक्क्यांच्या आत. धुतल्यावर वरून दोन तासांत कोरडं वाटतं पण आत ओल असते आणि त्यावर व्हार्निश मारलं की ती ओल फोड आणूनच बाहेर पडते. खालची बाजू, जी कोणी बघत नाही, तिलाही हात द्यायचा, नाहीतर वरून बंद आणि खालून उघडी पट्टी ओलावा एकाच बाजूनं पिते आणि वाकते.

आणि कव्हर. सगळेच विचारतात. प्लास्टिकचं घट्ट कव्हर घालून बघितलं, आत घाम धरतो, जमिनीतली वाफ वर येऊन तिथेच अडकते आणि बुरशी उघड्यावरच्यापेक्षा लवकर आली. आता कव्हर काढून टाकलंय, मोठा पाऊस असला की खुर्च्या भिंतीला टेकवून तिरप्या ठेवते. टेबलाचा वरचा भाग अजून अखंड फळीचाच आहे, फटी नाहीत, पाणी मध्येच साचतं आणि राखाडी पण नेमकं तिथेच झालंय. पुढच्या कोरड्या दिवसांत ती फळी चिरून पट्ट्या करायच्या, खाली तेच वॉशर, आणि वरून बाकाचं उरलेलं रंगीत तेल.