फाइल रॅपरची टेस्ट: खरी फाइल की खोटी?

जिनिंगच्या वजनकाट्यावरची पावती फाइलीत लिहिणारी 'सी' भाषेतली एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, आम्ही जळगावात सांभाळतो. कामावर नवीनच आलेल्या धुळ्याच्या पोराने परवा विचारलं, "दादा, फाइल उघडणारं एफओपन, तिच्यात लिहिणारं एफराइट या सीच्या फंक्शनांवर आपल्या फंक्शनांची जी वेष्टनं, म्हणजे रॅपर, चढवलेत, त्यांच्या टेस्ट डिस्कवरच्या खऱ्या फाइलीवर घेऊ की फाइलीचं नुसतं सोंग करणाऱ्या खोट्या कोडवर?"

म्हटलं, आधी खरी. तात्पुरत्या फोल्डरात फाइल तयार कर, रॅपरने लिही, बंद कर, परत उघडून बाइट न् बाइट ताडून बघ. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये ओळ संपवणाऱ्या एका बाइटचे दोन होतात. हे असलं खोट्या फाइलीला माहीतच नसतं, अन् काट्यावरचे पीसी सगळे विंडोजचे.

खरी फाइल अडते ती बिघाडापाशी. डिस्क मुद्दाम भरायची कशी? लिनक्सवर त्याची सोय तयार आहे. '/डेव्ह/फुल' या कायम भरलेली असल्याचं दाखवणाऱ्या खास फाइलीमध्ये काहीही लिहायला गेलं की 'जागा नाही' हीच एरर. मी तिथे २०० बाइटांची पावती लिहून पाहिली. एफराइट म्हणालं, सगळं लिहिलं! मजकूर अजून बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच, पडून होता. एरर आली फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजला, आणि आमचं रॅपर एफक्लोजचं उत्तर बघतच नव्हतं. ऐन हंगामात असं झालं असतं तर पडद्यावर 'पावती जतन झाली', फाइल रिकामी आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन केव्हाच घरी.

परवानगी नाकारण्याची टेस्ट मात्र जपून. टेस्ट ज्या कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालतात, तिथे सगळं रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालत असेल तर परवानगी काढलेली फाइलही बिनबोभाट उघडते.

खोट्या फाइलीचे रस्ते दोन. पहिला म्हणजे ग्नू लिंकरचा (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाचा) 'रॅप' पर्याय. एफराइटची हाक आपल्या फंक्शनकडे वळते. तिसऱ्या हाकेला अर्धंच लिही, पाचव्याला एरर दे, हवं ते करा. मूळ कोडला हात लागत नाही. पण जीसीसी हा कंपायलर साध्या मजकुराच्या एफप्रिंटएफचं (फाइलीत मजकूर छापणाऱ्या फंक्शनचं) परस्पर एफराइट करून टाकतो, त्यामुळे आपण एफप्रिंटएफवर लावलेला सापळा रिकामाच राहतो. माझा अर्धा दिवस यात गेला. टेस्टसाठी कोड कंपाइल करताना ही अदलाबदल थांबवणारा 'नो-बिल्टिन' पर्याय द्यावा. आणि मायक्रोसॉफ्टच्या लिंकरमध्ये हा पर्यायच नाही.

दुसरा रस्ता फंक्शन पॉइंटरच्या टेबलाचा, म्हणजे कोणतं फंक्शन बोलवायचं त्याचे पत्ते एका यादीत ठेवून टेस्टमध्ये ते बदलायचे. कुठेही चालतो, पण त्यासाठी लायब्ररीची मांडणीच बदलावी लागते. चार फंक्शनांसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही. मेमरीतच फाइल उघडणारं एफमेमओपन वेगवान खरं, पण आमचं रॅपर फाइलचं नाव मागतं, म्हणून ते बाद.

तर पोराला काम असं दिलंय: खऱ्या फाइलीच्या टेस्ट दोन्ही सिस्टीमवर, रॅप फक्त लिनक्सवर आणि तोही अर्धवट लिहिलं जाण्यासारख्या हाताने न घडवता येणाऱ्या प्रसंगांपुरता. एफक्लोजची दुरुस्ती त्यानेच केली.